आपल्या आकाशासाठी रिसीव्हर लिहिताना

फोनवरचा निळा ठिपका कुठून आला हे फोन सांगत नाही. आत एक चिप असते, तिच्यात कंपनीचं सॉफ्टवेअर असतं, आणि बाहेर येतात ते फक्त अक्षांश-रेखांश. पत्ता शोधायला तेवढं पुरतं. पण आता आपल्याकडे जमिनीची मोजणीही रोव्हर, म्हणजे मोजणीचा फिरता उपग्रह-रिसीव्हर, लावून होते. बांधावरून दोन-दोन पिढ्या कोर्टात गेलेल्या भावकीच्या कहाण्या कुठल्या गावात नाहीत? तो बांध रिसीव्हरच्या आकड्यावर ठरणार असेल, तर तो आकडा कसा निघाला हे अगदी मुळापर्यंत जाऊन कुणालातरी तपासता आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. त्याच ओढीनं आम्ही काही जणांनी उपग्रह-दिशादर्शनाचा रिसीव्हर सॉफ्टवेअरमध्ये लिहायला घेतला, आणि पहिल्या ओळीपासून सगळा कोड खुला ठेवला.

मी पुण्यात एम्बेडेड सॉफ्टवेअरचं काम करते. गटात एकजण नाशिकचा, एकजण बेळगावची आणि एक मित्र नोकरीनिमित्त म्युनिकला असतो. रात्री आणि रविवारी जमेल तसं काम चालतं.

या क्षेत्रात मुक्त सॉफ्टवेअर आधीपासून आहे, आणि फार चांगलं आहे. बार्सिलोनाजवळच्या सीटीटीसी या संशोधन केंद्रातून जीएनएसएस-एसडीआर नावाचा प्रकल्प चालतो. अँटेनातून आलेल्या कच्च्या सिग्नलपासून थेट स्थानापर्यंत सगळं त्यात आहे. जपानच्या तोमोजी ताकासू यांचं आरटीकेलिब तर जगभरचे सर्व्हेअर आणि संशोधक वापरतात. रिसीव्हरनं मोजलेल्या अंतरांवरून सेंटिमीटरपर्यंतचं स्थान काढण्याचं काम ते करतं. मग आणखी एक कशाला, असं आम्हाला पुष्कळांनी विचारलं. आम्हाला छोटा, साध्या सी भाषेतला, इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला एका सुट्टीत वाचून होईल असा रिसीव्हर हवा होता. तो स्वस्त डोंगलवर चालायला हवा होता, आणि आपल्या नाविकचे, म्हणजे इस्रोच्या दिशादर्शन प्रणालीचे, उपग्रह त्यात पहिल्यापासून धरायचे होते. त्या दोन प्रकल्पांचा कोड वाचायला मिळाला नसता तर आम्ही अर्ध्यातच थांबलो असतो, हेही तितकंच खरं.

सामान फार लागत नाही. टीव्ही पाहण्यासाठी बनलेले आरटीएल-२८३२यू चिपचे यूएसबी डोंगल मिळतात. त्यांच्यातून कच्चे रेडिओ सँपल बाहेर काढता येतात हे २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं आणि घरबसल्या रेडिओचं काम करणाऱ्यांचं जगच बदललं. जीपीएसचा नागरी सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्‌झवर येतो, आणि या डोंगलचा ट्यूनर तिथपर्यंत पोचतो. घेताना दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. एक, आतला क्रिस्टल तापमानाला स्थिर राहणारा हवा. साध्या क्रिस्टलची चूक दहा लाखांत पन्नास भाग असली, तर या वारंवारितेवर ती ७८ किलोहर्ट्‌झच्या पुढे जाते आणि उपग्रह शोधायची जागा अवाढव्य होते. चांगल्या क्रिस्टलवर हीच चूक दीड किलोहर्ट्‌झच्या आसपास राहते. दुसरं म्हणजे डोंगलनं अँटेनाला त्याच केबलमधून वीज द्यायला हवी, कारण अँटेनातल्या ॲम्प्लिफायरला ती लागते. बाकी एक लॅपटॉप आणि मोकळी गच्ची.

सिग्नल पकडल्यावर पहिल्यांदा स्पेक्ट्रम उघडून पाहणारा प्रत्येकजण निराश होतो. तिथे काहीच दिसत नाही. उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचावर असतो आणि जमिनीवर पोचणारी त्याची शक्ती रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटाखाली पार बुडालेली असते. तरी तो सापडतो, कारण प्रत्येक उपग्रहाचा कोड आधीच ठाऊक असतो. १०२३ तुकड्यांची शून्य-एकची माळ, दर मिलिसेकंदाला तीच. ढोल-ताशाच्या दणदणाटात शेजारचा माणूस एखादा अभंग पुटपुटत असेल आणि तो आपल्याला तोंडपाठ असेल, तर तो कुठल्या ओळीवर आहे हे कानाला कळतं. इथे ते काम कोरिलेशन, म्हणजे ठाऊक कोड सिग्नलवर सरकवत जुळवून पाहणं, करतं.

आम्ही सेकंदाला २०,४८,००० सँपल घेतो. हा आकडा मुद्दाम निवडला. एका मिलिसेकंदात बरोबर २०४८ सँपल येतात आणि तो दोनाचा अकरावा घात असल्यामुळे एफएफटी (सिग्नलमधल्या वारंवारिता झटपट वेगळ्या करण्याचं गणित) सुटसुटीत होते. ३२ उपग्रह, पाचशे हर्ट्‌झच्या टप्प्यांनी उणे पाच ते अधिक पाच किलोहर्ट्‌झपर्यंत डॉप्लरच्या (उपग्रहाच्या वेगामुळे वारंवारितेत पडणाऱ्या फरकाच्या) २१ शक्यता, आणि प्रत्येकीत कोडाच्या २०४८ जागा. सगळी मिळून पावणेचौदा लाख घरं. त्यांतल्या आठ-दहा घरांत शिखर उभं राहतं आणि बाकीचं सगळं गवत. आलेख पहिल्यांदा स्क्रीनवर उमटतो आणि सपाट गवतातून एकच काडी ताठ वर आलेली दिसते, तेव्हा अंगावर काटा येतो. आजही नवीन माणूस गटात आला की मी त्याला आधी हेच करायला सांगते.

पुढचं ट्रॅकिंग म्हणजे सापडलेल्या उपग्रहाला सोडायचं नाही. एक लूप कोडाची जागा धरून ठेवतो, दुसरा वाहक लहरीची कला (फेज). उपग्रह सरकतो, डोंगलचा क्रिस्टल गरम होतो, आणि हे दोन लूप दर मिलिसेकंदाला थोडी थोडी दुरुस्ती करत राहतात. लूप नीट बसला की सँपलच्या आलेखात ठिपक्यांचे दोन पुंजके दिसतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. तेच संदेशाचे बिट, सेकंदाला पन्नास. फक्त डावा पुंजका शून्य की उजवा, हे लूपला कळत नाही. सगळा संदेश उलटा वाचला जाऊ शकतो. म्हणून संदेशात १०००१०११ हा ठरलेला नमुना शोधायचा, आणि तो सापडला नाही तर ०१११०१०० शोधायचा. तीनशे बिटांचा उपखंड सहा सेकंदांचा असतो, पहिल्या तीन उपखंडांत उपग्रहाचं घड्याळ आणि कक्षा असते, आणि पाच उपखंडांचं चक्र तीस सेकंदांत पुरं होतं. नुसता चालू केलेला जुना जीपीएस अर्धा मिनिट का घ्यायचा, त्याचं कारण हे.

मग गणित. चार अज्ञात: तीन दिशा आणि आपल्या घड्याळाची चूक. म्हणून किमान चार उपग्रह. गंमत अशी की सुरुवातीचा अंदाज म्हणून पृथ्वीचा केंद्रबिंदू दिला तरी लघुतम वर्गांची पद्धत चार-सहा फेऱ्यांत आपल्या गच्चीवर येऊन टेकते.

या टप्प्यावर एक प्रयोग करून पाहा असं मी आवर्जून सांगेन. कोडात एकेक दुरुस्ती बंद करायचं बटण आम्ही ठेवलं आहे. सिग्नल उपग्रहापासून आपल्यापर्यंत यायला साधारण ७० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्यात पृथ्वी फिरलेली असते. ही दुरुस्ती बंद केली की पुण्यातला ठिपका सुमारे तीस मीटर पूर्वेला सरकतो. आमच्याकडे तो गच्चीवरून उठून शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जातो. कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे उपग्रहाचं घड्याळ कधी किंचित पुढे, कधी मागे होतं. सापेक्षतावादाची ही छोटी दुरुस्ती बंद केली तर त्या उपग्रहाच्या अंतरात काही मीटरची चूक येते. पाठ्यपुस्तकात वाचलेला आइन्स्टाइन असा गच्चीवर भेटतो. बंद डब्यातल्या चिपवर हा प्रयोग करताच येत नाही, आणि माझ्या मते खुल्या कोडाची खरी किंमत इथे कळते: प्रत्येक मीटरचा जाब विचारता येतो.

आकडा बरोबर आहे हे ठरवायला खरा आकडा लागतो. मोजणीचं काम करणाऱ्या ओळखीच्या एका सर्व्हेअरनं गच्चीवरच्या एका खिळ्याचं स्थान रोव्हरनं घेऊन दिलं. त्याच्या रोव्हरला भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स, म्हणजे कायम चालू असणाऱ्या संदर्भ केंद्रांवरून दुरुस्त्या मिळतात, त्यामुळे त्या खिळ्यावर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत भरवसा ठेवता येतो. आमचा रिसीव्हर एकाच वारंवारितेवर, कोडाच्या मोजमापावर चालतो. मोकळ्या आकाशाखाली तो खिळ्यापासून चार-पाच मीटरांत राहिला तर आम्ही समाधानी असतो. शिवाय आम्ही मोजमापं रायनेक्स या सर्वमान्य मांडणीत लिहितो आणि तीच फाइल आरटीकेलिबला देतो. दोन्हींची उत्तरं जुळली तर चूक गणितात नाही, आधीच्या टप्प्यांत शोधायची. वाचलेल्या कक्षा बरोबर आहेत का हे बेंगळुरू आणि हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातल्या केंद्रांच्या फाइलींशी ताडून पाहतो.

नवीन माणसांकडून हमखास येणारी तक्रार उंचीची. "तुमचा रिसीव्हर मला मुंबईच्या चौपाटीवर समुद्राखाली दाखवतोय!" दाखवणारच. उपग्रहावरून निघणारी उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते, आणि आपल्या भागात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साठ मीटरहून अधिक खाली आहे. पुष्कळ फोन आणि ॲप हा फरक गुपचूप भरून काढतात, म्हणून सहसा कुणाला दिसत नाही. आम्ही आता दोन्ही उंच्या शेजारी शेजारी छापतो.

आता ज्या भागासाठी हे सगळं लिहायला बसले तिथे येते.

आमचा कोड चालायला लागला तेव्हा म्युनिकच्या मित्राच्या रेकॉर्डिंगवर तो अगदी गुळगुळीत चालायचा. पुण्यातही सकाळी, दुपारी छान. लूपची सगळी गणितं आम्ही या शांत फाइलींवर बसवली. मग नाशिकच्या मित्रानं मार्चमधल्या एका संध्याकाळचं रेकॉर्डिंग पाठवलं, आठ ते दहाच्या मधलं. त्यात उपग्रह मधूनच गायब होत होते. एखाद्याची ताकद ४५ डेसिबल-हर्ट्‌झवरून क्षणात पंचविसाच्या खाली जायची, अर्ध्या सेकंदात परत यायची, पुन्हा कोसळायची. शेजारच्या दिशेचा दुसरा उपग्रह मात्र ढिम्म.

पहिला संशय केबलवर, दुसरा यूएसबीवर. पण यूएसबीनं सँपल गाळले तर वेळेची मोजणी तुटते आणि सगळे उपग्रह एकाच क्षणी सारख्याच अंतरानं उडी मारतात. इथे तसं काही नव्हतं. सगळे एकदम हलले तर दोष आपल्या यंत्रात, एकटाच हलला तर कारण वर आकाशात, ही आमची पहिली चाचणी होऊन बसली आहे आणि ती सहसा फसत नाही.

कारण होतं आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित भाग. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जातं. १९६३ मध्ये पहिला अग्निबाण सुटला तो केरळातल्या थुंबाहून, आणि ती जागा निवडली गेली ती त्याच्याच जवळिकीमुळे. सूर्य मावळला की आयनोस्फिअरचा खालचा थर झपाट्यानं विरळ होतो, वरचा दाट राहतो, आणि त्या असमतोलातून विरळ प्लाझ्माचे बुडबुडे वर चढतात. चुंबकीय रेषांच्या बाजूनं ते उत्तरेकडे आपल्या डोक्यावरही पसरतात. काही शे मीटर आकाराच्या या खळबळीतून येताना उपग्रहाची लहर विस्कटते. याला सिंटिलेशन म्हणतात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी ते जास्त, मध्यरात्रीनंतर बहुधा ओसरतं, आणि सूर्य त्याच्या अकरा वर्षांच्या चक्रात जोरावर असला की फारच वाढतं. म्युनिकवरून हे जवळपास दिसतच नाही. म्हणजे तिथे बसून लिहिलेला, तिथल्या फाइलींवर तपासलेला कोड सगळ्या परीक्षा उत्तीर्ण होतो आणि आपल्याकडे ऐन संध्याकाळी गळपटतो. त्यात कुणाचा हलगर्जीपणा नाही. परीक्षेच्या पेपरात तो प्रश्नच नव्हता.

कोडात काय होत होतं ते सांगते, कारण दुरुस्ती त्यातच आहे. बहुतेक साध्या रिसीव्हरांत एक पहारेकरी असतो: सिग्नलची ताकद ठरावीक रेषेखाली गेली की उपग्रह हरवला असं जाहीर करायचं आणि पहिल्यापासून शोध सुरू करायचा. पुन्हा ॲक्विझिशन (उपग्रहाचा पहिला शोध), पुन्हा बिटांच्या सीमा, पुन्हा नमुन्याची वाट पाहणं. अर्ध्या सेकंदाच्या डुलकीसाठी दहा-बारा सेकंद उपग्रह बाहेर. संध्याकाळी अशा डुलक्या एकामागून एक येतात, चारहून कमी उपग्रह उरले की स्थान निघत नाही, आणि मग मिनिटंच्या मिनिटं कोरी जातात.

आम्ही पहारेकऱ्याला थोडं थांबायला शिकवलं. ताकद कोसळली की लूपनं गोंगाटामागे धावायचं नाही. दुरुस्ती थांबवायची आणि शेवटच्या विश्वासू वेगानं नुसतं पुढे सरकायचं. हा वेग आम्हाला बऱ्यापैकी अचूक ठाऊक असतो: उपग्रहाची कक्षा वाचलेली आहे, आपण गच्चीवर स्थिर आहोत, आणि डोंगलच्या क्रिस्टलची चाल बाकीच्या उपग्रहांवरून सतत कळते आहे. वाहक लहरीची लांबी १९ सेंटिमीटर, म्हणजे डॉप्लरच्या अंदाजात एक हर्ट्‌झ चुकलं तरी अंतर सेकंदाला १९ सेंटिमीटरच घसरतं. कोडाचा एक तुकडा २९३ मीटरचा. पाच-सात सेकंद आंधळं चाललो तरी कोडाची पकड सुटायचं कारण नाही. सिग्नल परत आला की लूप पुन्हा जोडायचे. बिटांच्या सीमा आणि वेळेची मोजणी शाबूत असल्यामुळे अंतर त्या क्षणापासून वापरता येतं.

कला मात्र अर्धी लहर इकडची तिकडे झालेली असू शकते, आणि बिट उलटे वाचले जात असू शकतात. म्हणून पुढचा ठरलेला नमुना दिसून पॅरिटीची (बिट बरोबर वाचले गेले का याची) तपासणी पार पडेपर्यंत त्या उपग्रहाच्या कलेवर आम्ही अविश्वासाचा शिक्का मारतो. सेंटिमीटरच्या कामाला हे फार महत्त्वाचं आहे. कलेतली अर्ध्या लहरीची चूक म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर, आणि ती आतल्या आत राहिली तर बाहेरून काहीही कळत नाही. मोजणीच्या कामात मला भीती वाटते ती अशा चुकीची: रिसीव्हर ठामपणे बोलतो, आकडा तीन दशांशांपर्यंत देतो, आणि त्याला डुलकी लागून गेल्याचं कुठेच नोंदलेलं नसतं. आमच्या फाइलीत प्रत्येक डुलकीची वेळ, उपग्रह आणि कालावधी लिहिला जातो, वापरणाऱ्यानं मागितला नाही तरी.

किती वेळ आंधळं चालू द्यायचं यावर आमच्यात बराच खल झाला. बेळगावच्या मैत्रिणीचं म्हणणं, वेळ मोकळा ठेवा, वापरणारा ठरवेल. माझं म्हणणं, घोषित मर्यादा हवी आणि ती आधी आखूड हवी. शेवटी निकाल वादावर लागला नाही. नाशिकची ती फाइल वेगवेगळ्या मर्यादा लावून पुन्हा पुन्हा चालवली आणि खऱ्या जागेपासूनचं अंतर काय सांगतं ते पाहिलं. एकच आकाश हवं तितक्या वेळा परत अनुभवता येतं, हे रेकॉर्डिंगचं बळ आहे. थेट अँटेनावर चाचणी घेतली तर कालची संध्याकाळ आज मिळत नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. अशा प्रकल्पाला हुशार फिल्टर लिहून देणारे भेटतात. चांगलं, नीट नोंदलेलं रेकॉर्डिंग देणारे फार कमी. मला दोन्हींतून एकच निवडायला सांगितलं तर मी रेकॉर्डिंग घेईन. फिल्टर उद्या दुसरा लिहिता येतो.

अडचण फाइलींच्या आकाराची. आठ-आठ बिटांची सँपलची जोडी, म्हणजे मिनिटाला सुमारे २४६ मेगाबाइट आणि तासाला जवळपास पंधरा गिगाबाइट. पण गोंगाटात बुडालेल्या सिग्नलला आठ बिट लागतच नाहीत. दोन बिटांत सँपल बसवले तर जेमतेम अर्धा डेसिबल गमावतो आणि आकार चौथाईवर येतो. आम्ही मूळ फाइल एका हार्ड डिस्कवर जपतो आणि चाचणीसाठी दोन बिटांतले छोटे तुकडे कोडासोबत ठेवतो. कुणीही कोडात बदल सुचवला की सगळे तुकडे आपोआप चालतात: सकाळचा शांत, म्युनिकचा, नाशिकची ती संध्याकाळ, झाडाखालचा. बदलामुळे शांत फाइल सुधारली आणि संध्याकाळची बिघडली, तर तो बदल आत येत नाही. सुचवणारा कितीही अनुभवी असो, नियम तोच.

नाविकचं काम स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तरी थोडं सांगते, कारण इथे स्वस्त डोंगलच्या बाजूनं नशीब उभं राहिलं. नाविकचा नागरी सिग्नल एल-५ पट्ट्यात, ११७६.४५ मेगाहर्ट्‌झवर येतो, आणि दुसरा एस पट्ट्यात, २४९२.०२८ वर. एस आपल्या डोंगलच्या आवाक्याबाहेर. पण एल-५ वरचा नाविकचा कोड जीपीएसच्या जुन्या नागरी कोडाइतकाच, १०२३ तुकड्यांचा आणि त्याच वेगाचा आहे. जीपीएसचा स्वतःचा एल-५ सिग्नल दहापट वेगवान आहे, तो या डोंगलमध्ये मावत नाही, आपला मावतो. कोड घडवणारी बहुपदंही तीच, फक्त दुसऱ्या रजिस्टरची सुरुवातीची स्थिती उपग्रहागणिक वेगळी. इस्रोनं दस्तऐवजात तो तक्ता दिलेला आहे. त्यामुळे ॲक्विझिशन आणि ट्रॅकिंगचा कोड जवळजवळ तसाच वापरता आला. बदलावी लागली ती अँटेना, कारण साधी जीपीएस अँटेना एल-५ ऐकतच नाही.

संदेश मात्र पूर्ण निराळा. सहाशे चिन्हांचा, बारा सेकंदांचा उपखंड. सुरुवातीला सोळा बिटांचा ठरलेला नमुना. उरलेली ५८४ चिन्हं ७३ गुणिले ८ च्या चौकटीत उलटसुलट पेरलेली. ती सरळ करायची, व्हिटर्बी या चुका सुधारणाऱ्या पद्धतीनं २९२ बिट काढायचे, शेवटी २४ बिटांची सीआरसी, म्हणजे चूक पकडणारी पडताळणी, जुळवायची. सीआरसी पहिल्यांदा शून्य आली ती रात्र मी विसरणार नाही. इतके टप्पे एका ओळीत बरोबर आल्याशिवाय ते शून्य येत नाही. आठवड्याचा क्रमांकही वेगळा: नाविकचा काळ २२ ऑगस्ट १९९९ पासून मोजतात, म्हणून जीपीएसच्या आठवड्यातून १०२४ वजा करायचे.

नाविकचे काही उपग्रह भूस्थिर आहेत. ८३ अंश पूर्वेचं स्थान पुण्याहून दक्षिणेकडे ६६ अंश उंचीवर, दिवसरात्र जागच्या जागी. चाचणीला ही मोठी सोय, कधीही अँटेना लावा, उपग्रह तिथेच. पण तो हलत नाही म्हणून शेजारच्या पाण्याच्या टाकीवरून परावर्तित होणारा सिग्नलही हलत नाही. जीपीएसचा उपग्रह सरकतो तसं परावर्तन बदलतं आणि चूक सरासरीत विरते. इथे तीच चूक तासन्‌तास तशीच बसून राहते. अँटेना टाकीपासून दूर नेली, खाली धातूची तबकडी ठेवली, आणि बराच फरक पडला.

नाविकच्या जुन्या उपग्रहांची अणुघड्याळं बिघडली, एक बदली उपग्रह २०१७ मध्ये उष्णताकवच न उघडल्यामुळे गेला, हे सगळं आपण बातम्यांत वाचलं. आमच्यासारख्यांना ते मोजमापांत दिसतं: सिग्नल ठणठणीत, संदेशही वाचता येतो, पण तो स्थानासाठी वापरता येत नाही. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये भारतात बनलेलं रुबिडियम घड्याळ आहे, आणि तो एल-१ वरही, म्हणजे जीपीएसच्याच १५७५.४२ मेगाहर्ट्‌झवर, प्रक्षेपण करतो. त्याचा कोड १०,२३० तुकड्यांचा, दहा मिलिसेकंदांचा. त्याचं ॲक्विझिशन जमलं आहे, ट्रॅकिंगवर बेळगावची मैत्रीण काम करते आहे.

परवान्याचा प्रश्न आम्ही लवकर मिटवला. जीएनएसएस-एसडीआरचा परवाना जीपीएल-३, आरटीकेलिबचा बीएसडी. पहिल्यातलं काही घेतलं तर आपल्यालाही जीपीएलच ठेवावा लागणार, आणि आमची तीच इच्छा होती: यावर कुणी सुधारणा करून वाटली तर ती सुधारणाही उघडी राहावी. कोडातल्या टिपा इंग्रजीत आहेत, कारण म्युनिकहून, जपानहून वाचणारे असतात. वापरायची पुस्तिका मात्र मराठीतही आहे, आणि डिप्लोमाची मुलं ती वापरतात याचा मला फार आनंद आहे.

सध्या आम्हाला हवी आहेत ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळची रेकॉर्डिंग, साडेसात ते अकराच्या मधली. पुणे-नाशिकची आहेत. कोकणपट्टीतून आणि गोव्यातून एकही नाही, आणि नागपूर-अमरावतीकडची मिळाली तर फार उपयोग होईल, कारण जितकं उत्तरेला जावं तितकं आयनोस्फिअरचं दाट शिखर जवळ येतं आणि तिथल्या डुलक्यांचं रूप वेगळं असण्याची शक्यता आहे. वीस मिनिटांची फाइल पुरे. सोबत सँपलचा वेग, मध्यवर्ती वारंवारिता, डोंगलचा प्रकार, सुरुवातीची वेळ सेकंदापर्यंत, अँटेना कशावर ठेवली होती आणि आजूबाजूला टाकी, पत्रा किंवा मोबाइल टॉवर आहे का, एवढं लिहून ठेवा. स्वयंचलित गेन (सिग्नल आपोआप लहान-मोठा करणारी सोय) बंद करा. तो चालू असला की सिग्नल खाली गेला तो आकाशामुळे की डोंगलमुळे, हे नंतर सांगता येत नाही.